‘फिट टू पेपर’ची खूण काढा: ड्रॉइंगच्या प्रिंटसाठी नवा पेपर साइझ कसा जोडाल?

भोसरी, तळवडे, कुदळवाडी, चाकण इथल्या छोट्या वर्कशॉपमधून आणि डिझाइनचं काम करणाऱ्या ऑफिसांमधून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. ‘ड्रॉइंग ज्या मापाच्या शीटवर आहे, ते माप प्रिंटच्या यादीत दिसतच नाही. काय करायचं?’ कुणाकडे ग्राहकाचं अमेरिकन शीटवरचं ड्रॉइंग आलेलं असतं. कुणाला वायरिंग हार्नेसच्या बोर्डासाठी तीन मीटर लांब प्लॉट हवा असतो. कुणाच्या ए-३ प्रिंटमध्ये टायटल ब्लॉकची खालची रेघ प्रत्येक वेळी कापली जाते. मग बहुतेक जण ‘फिट टू पेपर’वर खूण करतात आणि प्रिंट मारून मोकळे होतात. घोटाळा तिथेच होतो. प्रिंट दिसायला नीट येते, पण ती दोन-तीन टक्क्यांनी आखडलेली असते आणि तसं तिच्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. अशा प्रिंटवरून टेम्प्लेट कापलं, तर जॉब रिजेक्ट झाल्यावरच कारण शोधायला सुरुवात होते.

नवा पेपर साइझ जोडणं हे काही मिनिटांचं काम आहे. तो नेमका कुठे जोडायचा, एवढं कळलं पाहिजे.

आधी ठरवा: तुम्हाला पूर्ण मापाची प्रिंट हवी आहे का?

प्रत्येक ड्रॉइंगला याची गरज नसते. मशीनिंगच्या नेहमीच्या ड्रॉइंगवर सगळी मापं लिहिलेली असतात आणि ‘ड्रॉइंग मोजून माप घेऊ नये’ अशी सूचनाही असते. असं ड्रॉइंग लहान करून मारलं तरी ऑपरेटरचं काम अडत नाही. अट एकच, अक्षर वाचता आलं पाहिजे. ए-१ शीट ए-३ वर मारलं की प्रत्येक लांबी बरोबर निम्मी होते. मूळ शीटवरचं ३.५ मिमीचं अक्षर १.७५ मिमीचं होतं आणि कूलंटचे डाग पडलेल्या कागदावर ३ चा ८ वाचला जातो. शॉपफ्लोअरवर ए-३ च फिरणार हे ठाऊक असेल, तर ए-१ शीटवरची मापं ५ मिमी उंचीच्या अक्षरात ठेवा. निम्मी झाली तरी २.५ मिमी उरतात.

पूर्ण मापाची, म्हणजे १:१ प्रिंट या कामांना लागतेच लागते:

- हार्नेस बोर्ड, जिथे प्लॉटच बोर्डावर चिकटवून त्यावर खुंट्या ठोकतात
- गॅस्केट, रबर पॅड, शीट मेटलचा उलगडलेला आकार, म्हणजे जिथे कागदावरून टेम्प्लेट कापलं जातं
- प्रोफाइल प्रोजेक्टरच्या पडद्यावर लावायचा मोठा केलेला आराखडा (हा १०:१ किंवा २०:१ असतो, पण तोही अचूकच लागतो)
- हत्यारांचे शॅडो बोर्ड, पॅनेलवरची छिद्रं मारण्याचे नमुने

तुमचं काम या यादीतलं असेल, तर ‘फिट टू पेपर’ हा पर्याय तुमच्यासाठी नाही. ऑटोकॅडमध्ये मॉडेलमधून प्लॉट करताना ही खूण बहुधा आधीपासूनच लागलेली असते. ती काढून स्केलच्या जागी १ मिमी = १ युनिट ठेवा.

यादीत न सापडणारी मापं

भारतीय मानक आयएस १०७११ मध्ये ड्रॉइंग शीटची मापं दिली आहेत. ए-० म्हणजे ८४१ × ११८९ मिमी, ए-१ म्हणजे ५९४ × ८४१, ए-२ म्हणजे ४२० × ५९४, ए-३ म्हणजे २९७ × ४२० आणि ए-४ म्हणजे २१० × २९७. ही मापं जवळपास प्रत्येक यादीत असतात. त्याच मालिकेवरून बनलेली लांबट शीटही आहेत: ए-३ च्या तीन पट म्हणजे ४२० × ८९१, ए-३ च्या चार पट म्हणजे ४२० × ११८९, ए-४ च्या तीन पट म्हणजे २९७ × ६३०. लांब शाफ्ट, कन्व्हेयर, असेंब्ली लाइनचा लेआउट यांना ही शीट उत्तम बसतात, पण ती यादीत सहसा नसतात. ती तुम्हालाच जोडावी लागतात.

खरी गफलत अमेरिकन शीटमुळे होते. चाकणच्या पट्ट्यात जर्मन, जपानी, कोरियन, अमेरिकन अशा सगळ्या ग्राहकांची ड्रॉइंग येतात. अमेरिकन ड्रॉइंगचं शीट एएनएसआय मालिकेतलं असतं आणि ते आपल्या ए मालिकेच्या इतकं जवळचं असतं की डोळ्याला फरक कळत नाही.

- एएनएसआय बी: २७९ × ४३२ मिमी. आपल्या ए-३ पेक्षा लांबीला १२ मिमी जास्त.
- एएनएसआय सी: ४३२ × ५५९ मिमी. ए-२ पेक्षा रुंदीला १२ मिमी जास्त.
- एएनएसआय डी: ५५९ × ८६४ मिमी. ए-१ पेक्षा लांबीला २३ मिमी जास्त.
- एएनएसआय ई: ८६४ × १११८ मिमी. ए-० पेक्षा रुंदीला २३ मिमी जास्त.

म्हणजे यातलं एकही शीट ए मालिकेतल्या त्याच्या जोडीदारावर पूर्ण मापात बसत नाही. ‘फिट’ केलं की प्रत्येक जोडीत ते सुमारे ९७.३ टक्क्यांवर येतं, आणि प्रिंटरच्या न छापल्या जाणाऱ्या कडा धरल्या तर आणखी खाली. १०० मिमीची लांबी ९७ मिमीची झालेली नजरेला दिसत नाही, पण गॅस्केटची भोकं बोल्टवर बसत नाहीत.

यावर सोपा उपाय आहे. ९१४ मिमी रुंदीच्या, म्हणजे ३६ इंची रोलवर डी आणि ई ही दोन्ही शीट पूर्ण मापात येतात. बी शीटसाठी डिजिटल प्रिंटच्या दुकानात मिळणारा १३ × १९ इंची कागद, म्हणजे सुमारे ३३० × ४८३ मिमी, मागा.

साइझ तीन ठिकाणी असतो

‘मी साइझ जोडला, तरी दिसत नाही’ या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी इथे सापडतं. पेपर साइझ एकाच जागी नसतो. ड्रॉइंगच्या लेआउटमध्ये, म्हणजे पेज सेटअपमध्ये, एक असतो. प्रोग्रामच्या प्लॉटर फाइलमध्ये दुसरा असतो. विंडोज आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये तिसरा असतो. तिन्ही ठिकाणी एकच माप असलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. यादीत ए-१ चं नाव आलं म्हणून ए-३ चा प्रिंटर ए-१ छापणार नाही. ड्रायव्हर ज्या मापाला नाही म्हणतो, ते माप विंडोजमध्ये जोडूनही त्या प्रिंटरच्या यादीत येत नाही. म्हणून या कामाला माझा आग्रहाचा सल्ला असा: आधी खऱ्या मापाची पीडीएफ बनवा आणि मग ती पीडीएफ प्लॉटरला पाठवा. पीडीएफला प्रिंटरच्या कागदाची मर्यादा नसते, माप पडद्यावर तपासता येतं आणि तीच फाइल ग्राहकाला दाखवून होकारही घेता येतो.

ऑटोकॅडमध्ये साइझ जोडण्याच्या पायऱ्या

पूर्ण ऑटोकॅड आणि ऑटोकॅड एलटी, दोन्हींत पद्धत एकच आहे.

1. कंट्रोल आणि पी दाबून प्लॉटची खिडकी उघडा. प्रिंटरच्या नावात ‘डीडब्ल्यूजी टू पीडीएफ’ निवडा.
2. आधी पेपर साइझची यादी नीट वाचा. एएनएसआय मालिका आणि ‘फुल ब्लीड’ म्हणजे बिनकडांची ए मालिका तिथे असते. हवं ते सापडलं, तर पुढच्या पायऱ्यांची गरजच नाही.
3. नावाशेजारचं ‘प्रॉपर्टीज’ दाबा. ‘डिव्हाइस अँड डॉक्युमेंट सेटिंग्ज’मध्ये ‘यूजर-डिफाइंड पेपर साइझेस’च्या खाली ‘कस्टम पेपर साइझेस’ निवडा आणि ‘ॲड’ दाबा.
4. ‘स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच’ घ्या. रुंदी, उंची भरण्याआधी एकक मिलिमीटर आहे का ते पाहा. तिथे इंच असेल आणि तुम्ही ८९१ भरलं, तर २२ मीटरहून लांब कागद तयार होईल.
5. कडा विचारल्या की पीडीएफसाठी चारही बाजूंना शून्य भरा.
6. नाव असं द्या की सहा महिन्यांनी दुसऱ्यालाही कळेल. ‘कस्टम-१’ नको, ‘ए३ गुणिले ३, ८९१ × ४२०’ असं काहीतरी.
7. शेवटी प्रोग्राम विचारतो: बदल फक्त या प्लॉटपुरता ठेवायचा की फाइलमध्ये जतन करायचा? जतन करायचा पर्याय घ्या. अनेकांचा साइझ दुसऱ्या दिवशी नाहीसा होतो, तो इथे तात्पुरता पर्याय घेतल्यामुळे.

आता हा साइझ, स्केल आणि प्लॉट स्टाइल मिळून एक नाव दिलेलं पेज सेटअप करून ठेवा. ‘पीसेटअपइन’ ही कमांड दिली की तेच पेज सेटअप दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये आणता येतं.

ऑफिसात चार संगणक असतील, तर दोन फाइली एकत्र न्याव्या लागतात. प्लॉटरची माहिती पीसी३ फाइलमध्ये असते, पण तुम्ही जोडलेला साइझ तिला जोडलेल्या पीएमपी फाइलमध्ये असतो. ‘प्लॉटरमॅनेजर’ कमांड दिली की फोल्डर उघडतं. पीएमपी फाइली त्याच्या आतल्या फोल्डरमध्ये सापडतात. नुसती पीसी३ कॉपी केली, की नवा साइझ मागे राहतो. ऑटोकॅडची नवी आवृत्ती बसवण्याआधीही या दोन्ही फाइली बाजूला काढून ठेवा.

यादी फार लांबली असेल, तर त्याच खिडकीत ‘फिल्टर पेपर साइझेस’ आहे. लेटर, टॅब्लॉइड, आर्च अशा तुम्ही कधीच न वापरणाऱ्या मापांच्या खुणा काढून टाका. घाईच्या वेळी चुकीच्या ओळीवर क्लिक होणं त्याने थांबतं.

विंडोजमध्ये साइझ जोडताना

थेट प्रिंटरवर मारायचं असेल, तर विंडोजच्या ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ पानावरून ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ उघडा. ‘फॉर्म्स’ या भागात ‘क्रिएट अ न्यू फॉर्म’वर खूण करा, नाव द्या, माप भरा, ‘सेव्ह फॉर्म’ दाबा. यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो, त्यामुळे कंपनीच्या संगणकावर आयटीवाल्यांना विचारावं लागेल. नंतर ड्रॉइंगचा प्रोग्राम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. चालू प्रोग्रामला नवा फॉर्म दिसत नाही. प्लॉटरच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्येही बहुतेकदा ‘कस्टम’ मापाची सोय असते. ती असेल तर तीच वापरणं अधिक भरवशाचं.

इतर प्रोग्राम

- सॉलिडवर्क्स: ड्रॉइंगच्या ‘शीट प्रॉपर्टीज’मध्ये ‘कस्टम शीट साइझ’ निवडून माप भरा. टायटल ब्लॉक त्या मापाला बसवून शीट फॉरमॅट म्हणून जतन करा. मग पुढच्या वेळी तो यादीत मिळतो.
- लिब्रेकॅड: ‘करंट ड्रॉइंग प्रेफरन्सेस’मधल्या ‘पेपर’ भागात ‘कस्टम’ निवडा. प्रिंट प्रीव्ह्यूमध्ये स्केल १:१ आहे का ते पाहा. हा प्रोग्राम डीएक्सएफमध्येच जतन करतो, त्यामुळे ग्राहकाकडून शक्यतो डीएक्सएफ मागून घ्या.
- फ्रीकॅड: टेकड्रॉमध्ये कागदाचं माप टेम्प्लेट फाइलवरून ठरतं, आणि ती एसव्हीजी प्रकारची असते. आधीची एखादी टेम्प्लेट इंकस्केपमध्ये उघडा, पानाचं माप मिलिमीटरमध्ये बदला, नव्या नावाने जतन करा. फाइलमधली रुंदी-उंची आणि व्ह्यूबॉक्सचे आकडे जुळले पाहिजेत: ८९१ मिमी रुंदी असेल तर व्ह्यूबॉक्समध्येही ८९१. इथे फरक राहिला, की स्केल बिघडतं.

कड का कापली जाते?

ऑफिसातला लेझर प्रिंटर कागदाच्या कडेला साधारण चार-पाच मिमी जागेवर छापतच नाही. तुमच्या टेम्प्लेटची चौकट कडेला टेकलेली असेल, तर ती कापली जाणारच. आयएस १०७११ प्रमाणे चौकटीबाहेर किमान १० मिमी मोकळी जागा असावी. फायलिंगसाठी डावीकडे २० मिमी. मानकाप्रमाणे चौकट काढली, तर चार-पाच मिमीचा प्रश्नच येत नाही. तेव्हा प्रिंटरशी झगडण्याआधी स्वतःची टेम्प्लेट दुरुस्त करा.

ग्राहकाची टेम्प्लेट मात्र तुम्हाला बदलता येत नाही. तिची चौकट कडेला असेल, तर ए-३ साठी १२ × १८ इंची कागद वापरून नंतर कापा. रुंदीला ८ आणि लांबीला ३७ मिमी जादा मिळतात. रुंदीला जागा बेताचीच असते, तिथे अडचण आली तर १३ × १९ घ्या.

१०० मिमीची पट्टी: प्रत्येक प्रिंटवर हवीच

आयएस १०७११ च्या जुन्या आवृत्तीत एक सूचना होती, जिच्याकडे आता फारसं कुणी बघत नाही. शीटच्या कडेला, मध्यखुणेच्या दोन्ही बाजूंना मिळून किमान १०० मिमी लांबीची, दर १० मिमीला रेघ असलेली, आकडे नसलेली पट्टी काढावी. मूळ ड्रॉइंग किती लहान-मोठं झालं ते प्रतीवरूनच कळावं, हा तिचा उपयोग. आजही याहून चांगला उपाय नाही. टेम्प्लेटमध्ये अशी पट्टी आडवी एक आणि उभी एक टाका. प्लॉटर दोन्ही दिशांना सारखंच छापेल असं धरून चालू नका. प्रिंट हातात आली की स्टीलच्या पट्टीने मोजा:

- १०० मिमी: प्रिंट बरोबर आहे.
- ९५ ते ९७: ‘फिट’ लागलं आहे, किंवा अमेरिकन शीट ए मालिकेवर गेलं आहे.
- ७०-७१: ए मालिकेत एक पायरी खाली, उदाहरणार्थ ए-२ चं ड्रॉइंग ए-३ वर.
- ५०: दोन पायऱ्या खाली, म्हणजे ए-१ चं ए-३ वर.
- सुमारे ४ मिमी, किंवा चित्र कागदाबाहेर: इंच आणि मिमीची अदलाबदल. फरक २५.४ पटींचा असतो.

पीडीएफ ॲक्रोबॅट रीडरमधून छापताना ‘ॲक्चुअल साइझ’ निवडायला विसरू नका. ‘फिट’ आणि ‘श्रिंक ओव्हरसाइझ्ड पेजेस’ हे दोन्ही पर्याय प्रोग्राममध्ये नीट जोडलेला साइझ शेवटच्या क्षणी बिघडवतात. मोठा प्लॉटर हाताशी नसेल, तर तिथल्याच ‘पोस्टर’ पर्यायाने एक मोठं पान अनेक ए-३ वर तोडून मारता येतं. कापायच्या खुणा आणि थोडा ओव्हरलॅप मात्र जरूर ठेवा.

प्लॉटवाल्याकडे जाताना

रोलच्या नेहमीच्या रुंद्या ६१०, ९१४ आणि १०६७ मिमी, म्हणजे २४, ३६ आणि ४२ इंच. पैसे रोलच्या लांबीवर घेतले जात असतील, तर शीट कसं आडवं-उभं टाकलं यावर बिल ठरतं. ए-१ शीट ९१४ च्या रोलवर ८४१ ची बाजू आडवी टाकून मारलं, तर ५९४ मिमी रोल लागतो. उलट टाकलं तर ८४१. दहा शीटांना हा फरक जवळपास अडीच मीटरचा होतो. फाइल देतानाच सांगा.

- डीडब्ल्यूजी देऊ नका, खऱ्या मापाची पीडीएफ द्या. दुकानातल्या संगणकावर तुमचा फॉन्ट आणि पेज सेटअप नसतो, आणि ड्रॉइंगही तुमचं नसतं, ग्राहकाचं असतं.
- ऑर्डरवर लिहून द्या: कागदाचं माप, १०० टक्के स्केल, पट्टी मोजून १०० मिमी आली तरच प्लॉट घेऊ.
- काम झाल्यावर दुकानातल्या संगणकावरची आणि व्हॉट्सॲपवरची फाइल काढून टाकायला सांगा.

तुमचे हक्क आणि जबाबदाऱ्या

ग्राहक कंपनीकडून ड्रॉइंग घेताना मूळ शीटचं माप, स्केल आणि रिव्हिजन यांची खातरी मागणं हा व्हेंडर म्हणून तुमचा रास्त अधिकार आहे. स्कॅन केलेली, वाकडी, आखडलेली प्रत आली तर खऱ्या मापाची पीडीएफ ईमेलने मागा आणि तो ईमेल जपून ठेवा. पुढे मापावरून वाद झाला तर तोच ईमेल कामी येतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘कलाकृती’च्या व्याख्येत ड्रॉइंग, आराखडा आणि नकाशाही येतात. त्यामुळे ग्राहकाचं टायटल ब्लॉक काढून तिथे स्वतःचं बसवणं हे केवळ शीट बदलणं नाही. नव्या मापावर ड्रॉइंग न्यायचं असेल, तर मूळ क्रमांक आणि रिव्हिजन तसंच ठेवून लेखी परवानगी घ्या.

त्याच कायद्याच्या कलम ६३ बी प्रमाणे चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. छोट्या युनिटला परवान्याचा खर्च जड जातो, हे मला मान्य आहे. पण लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड व्यवसायासाठीही मोफत वापरता येतात, आणि नुसतं ड्रॉइंग उघडून प्रिंट मारायचं असेल तर ते बहुतेक वेळा पुरतात.

स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून प्लॉटर किंवा प्रिंटर घेतला असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही ग्राहक ठरू शकता. खरेदीआधी ‘कमाल कागद लांबी’ आणि ‘कस्टम साइझ’ यांबद्दल विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि बिलासोबत ठेवा.

हार्नेस बोर्डाचा लांब प्लॉट

इथे दोन गोष्टींची जास्त काळजी घ्यावी लागते. पहिली, लांबी. ॲक्रोबॅटमध्ये पानाची जुनी मर्यादा २०० इंच, म्हणजे ५०८० मिमी आहे. बोर्ड त्याहून लांब असेल, तर प्लॉट दोन पानांत तोडा आणि दोन्ही पानांवर त्याच जागी अधिकच्या (+) खुणा टाका, म्हणजे जोडताना एकावर एक बसवता येतील. तोडायची रेघ कनेक्टरच्या किंवा फाट्याच्या जागेवरून नेऊ नका. लांब प्लॉटवर १०० मिमीच्या पट्टीने भागत नाही. एक मीटरची रेघ टाकून टेपने मोजा. शंभरात अर्ध्या मिमीचा फरक डोळ्यातून सुटतो, तो तीन मीटरवर १५ मिमी होतो.

दुसरी गोष्ट कागदाची. साधा प्लॉटर कागद हवेतला ओलावा शोषून वाढतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हे ठळकपणे जाणवतं. बोर्ड बराच काळ वापरायचा असेल, तर कागदाऐवजी पॉलिस्टर फिल्मवर प्लॉट मागा. ती महाग पडते, पण माप धरून राहते. कागदच वापरणार असाल, तर प्लॉट निघाल्यावर काही तास शॉपमध्ये पसरून ठेवा, मोजा, मग चिकटवा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बोर्डावरची मीटरची रेघ पुन्हा एकदा टेप लावून तपासा.